बुजऱ्या कोंबड्या माणसाळवताना: आधी अंतर, मग दाणा, हात सगळ्यात शेवटी

कोंबडी घरी आली की पहिल्याच दिवशी तिला उचलून घ्यायचा मोह होतो. ती पळते, आपण मागे लागतो, कोपऱ्यात गाठून धरतो, मांडीवर घेऊन दाणे पुढे करतो आणि वाटतं, चला, ओळख झाली. कोंबडीपुरतं पाहिलं तर झालं एवढंच, की एका मोठ्या प्राण्याने पाठलाग करून तिला पकडलं. दाण्यांकडे तिचं लक्षही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आपल्याला पाहून दुप्पट लांबून पळते आणि मग “ही जातच भित्री” असा शिक्का बसतो.

दोष बहुतेक वेळा क्रमाचा असतो. कोंबडी ही शिकार होणारी जात आहे. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे पाठीमागचा थोडा पट्टा सोडला तर सगळीकडचं तिला दिसतं, आणि वरून येणारी कुठलीही गोष्ट तिच्या लेखी घार असते. आपला हात नेमका वरूनच येतो. म्हणून तिने आधी आपलं असणं खपवून घ्यायचं, मग आपला दाणा, मग हात, मग स्पर्श, आणि उचलणं त्यानंतर. खाली दिलेले दिवस ढोबळ आहेत. खूण पटली तरच पुढच्या टप्प्यावर जा.

## तयारी

आधी तब्येत पाहा. अंगावर उवा-गोचिड्या असलेली, पायाला जखम असलेली किंवा आजारी कोंबडी माणसाळत नाही आणि तिने माणसाळावं ही अपेक्षाही बरोबर नाही. लाल गोचिडी दिवसा कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या फटींत लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते, म्हणून रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू आणि सांधे तपासा. रात्रभर रक्त शोषलं गेलेली कोंबडी दिवसा चिडखोर आणि घाबरट होते. नवी कोंबडी जुन्यांत सोडण्याआधी २ ते ४ आठवडे वेगळी ठेवायची असतेच. पहिले दोन टप्पे त्याच काळात उरकता येतात.

पळायला जागा ठेवा. हे उलटं वाटेल, पण जिला पळता येतं तीच जवळ येते. खुराड्याच्या आत प्रत्येक कोंबडीमागे साधारण ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद आवारात ८ ते १० चौरस फूट जागा असावी. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला २० ते ३० सेंटिमीटर लागतात. आवारात आडोसे ठेवा: एखादं झुडूप, तिरकी टेकवलेली फळी, उलटा खोका. प्रत्येक आडोशाला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलेला आडोसा म्हणजे सापळा, कारण मागून दुसरी कोंबडी आली की आतली अडकते.

खाऊ ठरवा आणि मोजून घ्या. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. वरखाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवायचा, म्हणजे एका कोंबडीमागे सुमारे १० ग्रॅम, चहाचे दोन सपाट चमचे धान्य. वाळवलेल्या अळ्या मिळाल्या तर त्यांच्याइतकं दुसरं काही चालत नाही. नाही तर भरडलेला मका घ्या. हा खाऊ फक्त या कामासाठी राखून ठेवा. एरवी भांड्यातही तोच पडत असेल तर तुमच्यापर्यंत चालत येण्याचं कारणच उरत नाही. अख्खं धान्य देत असाल तर दाणा दळण्यासाठी बारीक खडी वेगळ्या भांड्यात हवी. बुरशी आलेलं, खारट, चॉकलेट, अव्होकाडो, राजम्यासारखी कच्ची वाळकी कडधान्यं यांतलं काहीही नको.

वेळ आणि कपडे. सकाळी खुराडं उघडल्यावर, खाद्याचं भांडं ठेवण्याआधीची १० ते १५ मिनिटं सगळ्यात चांगली. दुसरी वेळ दिवेलागणीच्या तासभर आधीची. रोज तेच जुने, साध्या रंगाचे कपडे आणि तीच पादत्राणं घाला. कोंबड्या माणसं ओळखतात, पण सुरुवातीच्या दिवसांत नवी टोपी किंवा फडफडणारी ओढणी पुरेशी असते सगळं विस्कटायला.

> सावधान: भूक वाढवायची म्हणून खाद्य तासन्‌तास बंद ठेवू नका. उपाशी कोंबडी दाण्यावर झडप घालते आणि दूर पळते, तिला तुमची सवय होत नाही. वर ज्या दुबळ्या आहेत त्यांना बाकीच्या टोचून काढतात, ते वेगळंच.

## टप्पा १: नुसतं बसणं (पहिले ४ ते ७ दिवस)

नव्या जागी आलेल्या कोंबडीला आधी तीन-चार दिवस फक्त दाणा-पाणी द्या आणि बाहेर पडा. मग बसायला सुरुवात करा.

१. कोपऱ्यावरून वळण्याआधी आवाज द्या. रोज तेच दोन शब्द, त्याच हळू सुरात. अचानक प्रकट होणारा माणूस आणि अचानक प्रकट होणारं मांजर यांत कोंबडी फरक करत नाही.

२. सरळ त्यांच्या रोखाने चालू नका. थोडं वळसा घालून, दुसरीकडे निघाल्यासारखं या.

३. त्या पळायला लागतात ते अंतर पाहा. समजा तुम्ही ३ मीटरवर असताना त्या हलल्या, तर आजची तुमची जागा ४ मीटरवर.

४. जमिनीवर किंवा बुटक्या पाटावर बसा, त्यांच्याकडे खांदा करून. दोन्ही डोळे रोखून पाहणं हे शिकाऱ्याचं लक्षण. हात मांडीवर स्थिर. फोनवर बोलू नका. वाचत बसायला हरकत नाही, फक्त वर्तमानपत्र नको, त्याच्या पानांची फडफड त्यांना सोसत नाही.

५. १५ ते २० मिनिटांनी सावकाश उठा. उठण्याआधी तोच आवाज द्या, कारण बसलेला माणूस एकदम उंच होणं हा या टप्प्यातला सगळ्यात मोठा धक्का असतो.

इथे लोक घाई करतात, कारण काही घडतंय असं वाटत नाही. घडत असतं. पहिल्या दिवशी माना ताठ, सगळ्या एका जागी थिजलेल्या, एक डोळा तुमच्यावर, अधूनमधून तोच एक सूर वाढत जाणारं कॉक-कॉक-कॉक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी मान खाली घालून उकरायला लागते. मान खाली घालणं म्हणजे क्षणभर पहारा सोडणं.

> खूण पटली का? तुमच्या देखत निदान दोघी-तिघी पिसं साफ करतात, धुळीत लोळतात, एक पाय-पंख मागे ताणून आळस देतात. यातलं एकही दिसत नसेल तर मीटरभर मागे सरका आणि आणखी दोन दिवस द्या.

## टप्पा २: आवाज आणि दाणा (५ ते १० दिवस)

एका पत्र्याच्या डब्यात मूठभर दाणे घ्या. डबा खुळखुळवा आणि लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, दाणे टाका. हा क्रम उलटा करू नका. दाणे आधी पडले आणि आवाज मागून आला तर आवाजाला काही अर्थ राहत नाही.

दाणे फेकताना हात खांद्याच्या वर नेऊ नका. बसल्या जागेवरून, जमिनीला लागून, गोटी घरंगळवावी तसे सोडा. सुरुवातीला ते त्यांच्या पायाशी पडावेत, तुमच्या पायाशी नाही. मग रोज हातभर, म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटर, अलीकडे पाडत या. एका दिवसात दोन हात कमी केलं आणि सगळ्या आल्याही, तरी दुसऱ्या दिवशी अर्ध्याजणी बिचकलेल्या सापडतात, म्हणून मोह आवरा.

कळपात शांत कोंबडा असेल तर पहिले दाणे त्याच्यापुढे टाका. दाणा चोचीत उचलायचा, टाकायचा, आणि घशातल्या घशात कुक-कुक करत कोंबड्यांना बोलवायचं ही त्याची उपजत रीत आहे. त्याने बोलावलं की भित्र्या कोंबड्याही येतात. तुमचं निम्मं काम तो करतो.

या टप्प्यातल्या दोन चुका महिन्याभराची मेहनत घालवतात. रिकामा डबा वाजवून फसवणं ही एक. डबा वाजला की दाणा मिळालाच पाहिजे, प्रत्येक वेळी, भले चारच का असेनात. दुसरी जास्त घातक: डबा वाजवून बोलवायचं आणि जवळ आलेलीला औषध पाजायला धरायचं. तिच्यासाठी तो आवाज त्या दिवशी मेला. धरायचं असेल तर ते कसं, हे पुढे वेगळं दिलं आहे.

> खूण पटली का? डबा वाजल्यावर त्या धावत येतात आणि तुमच्या पावलापासून हातभर अंतरावर, पाठ तुमच्याकडे असतानाही, खातात.

## टप्पा ३: हातातला दाणा

खरी परीक्षा इथे आहे.

१. आधी भांडं. उथळ ताटलीत दाणे घालून ती पायाशी ठेवा. त्या निवांत खाऊ लागल्या की ताटलीच्या कडेला हात टेकवून ठेवा. दोन-तीन दिवस एवढंच.

२. मग ताटली हातात, पण हाताची मागची बाजू जमिनीला टेकलेली. अधांतरी हात हलतो आणि हलणाऱ्या हाताशी त्या येत नाहीत.

३. मग तळवा. हात जमिनीवर पालथा नव्हे, उताणा. बोटं एकमेकांना चिकटलेली, तळवा सपाट. अंगठी, घड्याळ, चमकी काढून ठेवा, नखाला रंग नको. चमकणाऱ्या ठिपक्यावर कोंबडी टोचणारच, त्यात राग नसतो. तळहातावर तीळ असेल तर त्यावरही टोचेल.

पहिल्यांदा येणारी कोंबडी नीट पाहा. ती अंग मागेच ठेवते. पाय जमिनीत रोवलेले, वजन मागच्या बाजूला, आणि फक्त मान लांब, इतकी की पिसांमधली कातडी दिसावी. दाण्याच्या वर चोच थबकते. मान तिरकी करून ती एका डोळ्याने तुमचा हात पाहते, मग दुसऱ्या डोळ्याने. टक् करून एक दाणा उचलते आणि मागे उडी. या क्षणी काहीही करू नका. “शाब्बास” म्हणू नका, हात पुढे सारू नका, वाकू नका. चोच लागून चुरचुरलं तरी हात झटकू नका. हात झटकला की तिच्या दृष्टीने दाण्यांखाली काहीतरी जिवंत होतं आणि ते हललं. पुढच्या दहा सेकंदांत ती परत आली तर काम झालं.

पाय पुढे यायला लागले, वजन दोन्ही पायांवर समान पडलं आणि ती उभ्या जागी सलग पाच-सहा दाणे खाऊ लागली, की हात जमिनीपासून वीतभर उचलायला हरकत नाही.

जी येतच नाही तिचं काय? प्रत्येक कळपात चोचीची उतरंड असते. खालच्या पायरीवरची कोंबडी तुम्हाला भिते त्याहून जास्त वरच्या कोंबडीला भिते, आणि हे लक्षात न आल्याने तिला उगीच हट्टी ठरवलं जातं. उपाय साधा आहे: आधी दांडग्या कोंबड्यांसाठी दोन-तीन मीटरवर मूठभर दाणे विखरून टाका, त्या गुंतल्या की तिच्या बाजूला हात धरा. तेही जमलं नाही तर मध्ये जाळी येऊ द्या. तुम्ही जाळीच्या बाहेर, ती आत, आणि बोटांच्या टोकावरची अळी जाळीतून पुढे. मध्ये जाळी आहे म्हटल्यावर तिलाही धीर येतो. चार-पाच दिवस जाळीतून खाल्लं की मग जाळीशिवाय बघा.

> सावधान: हातावर खाणाऱ्या कोंबडीभोवती बोटं मिटू नका, अगदी गंमत म्हणूनही. आणि वाढत्या वयाच्या कोंबड्याला (नराला) हातावर लाडावू नका. माणसाची भीड मोडलेला नर पुढे अंगावर धावून येऊ शकतो. त्याचा दाणा जमिनीवरच टाका.

## टप्पा ४: स्पर्श

पाठ आणि डोकं ही लोकांची पहिली जागा असते आणि तीच चुकीची. पाठीवर वरून हात म्हणजे झडप. ती एका हातावर खात असताना दुसऱ्या हाताचं एक बोट, खालून, तिच्या छातीच्या पिसांना टेकवा. एक सेकंद. तिने मागे सरकण्याआधी आपण बोट काढून घ्यायचं. असं एका बैठकीत तीन-चार वेळा, जास्त नाही. नंतर छाती, मग मानेची बाजू, मग पंखाची बाजू. पाठ सगळ्यात शेवटी, आणि तीही शेपटीकडून नव्हे तर बाजूने हात सरकवत नेऊन.

अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, हात जवळ येताच खाली बसते, पंख किंचित पसरते आणि स्थिर राहते. याला लोक माया समजतात. ती कोंबड्यापुढे दबून बसायची पद्धत आहे, वयात आल्याची खूण. भित्री तलंगही असं करते. त्यावरून टप्पा पार झाला असं धरू नका. खरी खूण अशी: स्पर्श थांबल्यावरही ती तिथेच राहते आणि खात राहते.

दोन वेळा स्पर्श पूर्ण बंद ठेवा. पिसं झडून नवी येत असताना, कारण नव्या खुंटांत रक्त असतं आणि दाबलं की दुखतं. आणि कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली असताना, तेव्हा ती फुगून टोचणार हे ठरलेलं.

डोळ्यांवर पिसं येणाऱ्या तुरेवाल्या आणि रेशमी पिसांच्या जातींना समोरचं अर्धवट दिसतं. त्या भित्र्या नसतात, त्यांना हात दिसतच नाही. आधी बोला, मग हलवा. डोळ्यांवरची पिसं जरा कातरली तर आठवड्यात वेगळी कोंबडी वाटते, फक्त रक्ताचा खुंट कापला जाणार नाही एवढं पाहा.

## टप्पा ५: मांडी आणि उचलणं

आधी तिला आपण होऊन चढू द्या. जमिनीवर पाय पसरून बसा, शेजारी एक वीट ठेवा, दाणे मांडीवर. चढली की हात लावू नका, उतरायला वाट मोकळी ठेवा. चार-पाच दिवस ती आपणहून चढ-उतर करू लागली की उचलणं सुरू करा:

१. बसूनच, बाजूने, एक हात छातीखाली सरकवा. तिचे पाय तुमच्या बोटांमध्ये यावेत आणि वजन तळव्यावर.

२. दुसरा हात पंखांवर, बाहेरून, ते अंगाशी मिटलेले राहतील इतकाच.

३. वर उचलण्याआधी अंगाशी घ्या. अधांतरी लटकलेली कोंबडी फडफडते, टेकलेली थांबते.

४. पहिल्या दिवशी ५ सेकंद. मग जमिनीपर्यंत खाली नेऊन, पाय टेकल्यावर, ती स्थिर असतानाच सोडा. फडफडाट सुरू असताना दरवेळी सोडलं तर फडफडलं की सुटका हे ती शिकते. पण जिवाच्या आकांताने धडपडत असेल तर धरून ठेवू नका. तुम्ही घाई केली आहे, टप्पा ४ वर परत जा.

५. उंचावरून टाकू नका. आदळून तळपायाला झालेली इजा पुढे चिघळते.

> सावधान: कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं. छातीचं हाड खाली-वर होतं तेव्हा तिचा श्वास चालतो, त्यामुळे छाती घट्ट आवळली की ती गुदमरते. पाय धरून उलटी लटकवणं याच कारणाने वर्ज्य. उताणी केल्यावर ती निपचित पडते, ती शांत झालेली नसते. टोकाच्या भीतीने अंग थिजतं, ते तसं दिसतं.

## औषधासाठी धरायची वेळ आली तर

दिवसा पाठलाग करू नका. अंधार पडल्यावर दांडीवर बसलेल्या कोंबडीला फार कमी दिसतं. मंद उजेडात, तोच ओळखीचा आवाज देऊन, दोन्ही हातांनी पंखांसह उचला. दाण्याचा डबा त्या वेळी जवळसुद्धा नको. शक्य असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावं. सकाळी मात्र नेहमीची बैठक चुकवू नका.

## पिल्लं असतील तर

सगळं खूप लवकर होतं, पहिल्या काही दिवसांतच. ऊब देणारी पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि वरच्या झाकणाऐवजी बाजूचं दार वापरा, म्हणजे हात घारीसारखा वरून न येता समोरून येईल. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. म्हणून उबेबाहेर एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. कोरड्या तळव्यावर खाद्य घेऊन हात पेटीच्या तळाशी टेकवा. ती चढतात, बऱ्याचदा तिथेच झोपतात.

पिल्लं असोत की मोठ्या, हाताळून झालं की साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. चेहऱ्याजवळ नेणं, मुका घेणं नको. ५ वर्षांखालच्या मुलांना हाताळायला देऊ नका.

## गाडी मागे आली तर

कुत्रा शिरला, खुराडं हलवलं, नवी कोंबडी आली, कुणी पाहुण्याने पाठलाग केला, की हातावर खाणारी कोंबडी पुन्हा ३ मीटरवर जाते. ज्या टप्प्यावर होतात तिथूनच पुढे रेटायचा प्रयत्न करू नका. दोन टप्पे मागे जा. बहुधा पहिल्या वेळेपेक्षा निम्म्याहून कमी दिवस लागतात.

आणि जातीचा हिशेब ठेवा. ऑर्पिंग्टन, कोचीन, ब्रह्मा, सिल्की अशा जाती सहसा मांडीपर्यंत येतात. लेगहॉर्नसारख्या हलक्या, चपळ जाती बऱ्याचदा पायाशी खाण्यापर्यंत किंवा हातावर टोचण्यापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. तीन-चार आठवडे प्रामाणिकपणे घालवूनही स्पर्शाला ती दरवेळी सरकत असेल, तर स्पर्शाचा नाद सोडा, हातावरचा दाणा चालू ठेवा, आणि आठवड्यातून एकदा रात्री दांडीवरच तिची तपासणी उरका: छातीच्या हाडावरचं मांस, पंखाखाली गोचिडी, तळपाय.